पावसाळ्यात बॉल पायथनवर माइट्स: साप, पेट्या आणि खोली या तिघांचे काय करावे?

प्रश्न: सर्पपालक, फोंडा

नमस्कार. माझ्याकडे तीन बॉल पायथन (अजगराची एक जात) आणि दोन कॉर्न स्नेक आहेत. सर्व साप बंदिस्त प्रजननातून आलेले असून पायथनांची नोंदणी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर रीतसर केलेली आहे. जुलैच्या सुरुवातीपासून त्यांपैकी मोठी मादी पाण्याच्या भांड्यातच वेटोळे घालून बसू लागली. कात टाकण्याची वेळ जवळ आली असेल असे वाटावे, तर तिचे डोळे दुधाळ झालेले नव्हते आणि तिने उंदीरही नाकारला. पाणी बदलताना भांड्याच्या तळाशी खसखशीच्या दाण्याहून लहान असे काळे ठिपके साचलेले दिसले. त्यांतील एक पांढऱ्या टिश्यू कागदावर चिरडला तेव्हा तांबडा डाग उमटला. नंतर विजेरीच्या उजेडात पाहिले असता हनुवटीखालच्या उभ्या खाचेत, डोळ्याच्या कडेला आणि वरच्या ओठावरील खळग्यांत तेच ठिपके हलताना दिसले. अंगावर राखेसारखी पांढरी पूडही आहे. इतर चार सापांवर मला अजून काही आढळलेले नाही.

मी तिला कोमट पाण्यात अंघोळ घातली, पेटी धुतली आणि अंथरण बदलले. दोन दिवस ती शांत होती, पण त्यानंतर ठिपके पुन्हा दिसू लागले. आमचे घर जुने, चिऱ्यांचे असून सापांची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे. सध्या तेथील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली येतच नाही. प्लास्टिकचे टब लाकडी मांडणीत आहेत, अंथरण कोकोपीटचे आहे आणि लपण्यासाठी झाडाच्या सालीचे तुकडे ठेवलेले आहेत. त्याच खोलीत रेड इअर्ड स्लायडर जातीच्या कासवाची टाकी आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली म्हणजे, फक्त एका सापावर माइट्स (हे रक्त पिणारे बारीक परजीवी) दिसत असताना सर्वांवरच उपचार करावेत का? दुसरी म्हणजे, पेटी कोरडी ठेवावी असे सगळीकडे सांगतात, पण बॉल पायथनला ओलावा कमी पडला तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, मग या दोहोंचा मेळ कसा घालावा? तिसरी औषधाची. एका दुकानदाराने गुरांना देतात ते आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध पाण्यात मिसळून अंगावर ओतायला सांगितले, तर शेजारच्या काकांनी पेटीच्या कोपऱ्यांत डांबरगोळ्या ठेवण्याचा सल्ला दिला. यांपैकी मी अद्याप काहीही केलेले नाही. हे माइट्स आले कोठून, हेही समजून घ्यायचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस एक नवीन कॉर्न स्नेक आणला होता. शिवाय माझा धाकटा भाऊ घरांत शिरलेले साप पकडून रानात सोडण्याच्या कामाला जातो, आणि मध्यंतरी एक धामण रात्रभर पोत्यात आमच्या मागच्या पडवीत होती.

उत्तर: जुना सर्पपालक, डिचोली

ताई, आपण कागदावर चिरडून पाहिलेत हे फार बरे केलेत. पावसाळ्यात कोकोपीटमध्ये पांढुरके, संथ चालणारे जे बारीक जीव होतात ते कुजणाऱ्या अंथरणावर जगतात. ते सापाच्या अंगावर बसत नाहीत आणि चिरडल्यास रक्त निघत नाही. तांबडा डाग उमटला म्हणजे हे ऑफिओनिसस नॅट्रिसिस, अर्थात सापांचे रक्त पिणारे माइट्स, याबद्दल मला शंका वाटत नाही. पांढरी पूड ही त्यांची विष्ठा होय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे, आणि त्याचे कारण या प्राण्याच्या आयुष्यक्रमात आहे. अंड्यातून बाहेर पडणारी अळी काहीच खात नाही. त्यापुढच्या बाल्यावस्थेला रक्त लागते, तिच्या पुढची अवस्था पुन्हा काही खात नाही आणि शेवटी प्रौढ माइट पुन्हा रक्तावर जगतो. म्हणजे चालत्याफिरत्या चार अवस्थांपैकी दोनच सापाकडे येतात, बाकीच्या पेटीत, मांडणीत आणि भिंतीच्या फटीत असतात. मादी पोटभर रक्त पिऊन सापावरून उतरते आणि अंधाऱ्या, दमट फटीत अंडी घालते. तिच्या आयुष्यभरात साठ ते ऐंशी अंडी होतात. अंडी एक ते चार दिवसांत उबतात आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा सारा प्रवास दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. त्यांना २४ ते ३० अंश तापमान आणि ऐंशी-नव्वद टक्के आर्द्रता सर्वाधिक मानवते, आणि जून ते सप्टेंबर या काळात गोव्यातील कोणतीही बंद खोली नेमकी तशीच असते. आपण अंघोळ घातल्यावर दोन दिवस बरे वाटले ते सापावरचे माइट्स बुडून मेल्यामुळे. खोलीतले तसेच राहिले आणि भूक लागताच परत आले. इतर चार सापांवर ते आज दिसत नसले तरी एकाच मांडणीतले सर्व टब बाधित आहेत असे समजूनच चालावे.

आता प्रत्यक्ष काम. सर्व कोकोपीट जाड पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढावे. ते परसातल्या माडाच्या आळ्यात टाकण्याचा मोह होईल, पण ते टाळावे, कारण परसातही साप असतात आणि हा त्रास त्यांच्या माथी मारण्याचा आपल्याला अधिकार नाही. सालीचे तुकडे शक्य असल्यास टाकूनच द्यावेत. त्यांच्या रंध्रांत अंडी इतकी खोल जातात की वरवर पुसून उपयोग होत नाही. एखादा तुकडा ठेवायचाच असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून ठेवावा. पन्नास अंशांच्या वर माइट्स तग धरत नाहीत. टब भांडी घासण्याच्या साबणाने व कडकडीत पाण्याने धुवावेत आणि झाकणाच्या आतली कड व हवेसाठी पाडलेली भोके जुन्या टूथब्रशने घासावीत. भरल्या पोटाच्या माद्या वर चढून अशाच जागी अंडी घालतात आणि लोकांचे नेमके तिथेच दुर्लक्ष होते. अंथरण म्हणून पांढरा, छपाई नसलेला कागद घालावा. त्यावर काळा ठिपका लगेच दिसतो आणि रोज बदलता येतो. लपण्यासाठी पुठ्ठ्याचा खोका उलटा ठेवावा आणि आठवड्याला फेकून नवा घ्यावा.

खरी अडचण लाकडी मांडणीची आहे. लाकडाचे सांधे, खिळ्यांची भोके आणि मागची फळी ही माइट्सची हक्काची घरे ठरतात. जमल्यास टब काही काळ लोखंडी किंवा प्लास्टिकच्या मांडणीवर हलवावेत, लाकडी मांडणी घराबाहेर काढून तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे आणि ऊन पडेल त्या दिवशी ती वाळवावी. नव्या मांडणीचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. आपल्याकडे साखरेच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून करतात तीच ही पद्धत असून रांगणाऱ्या माइट्सनाही तिने अटकाव होतो. मात्र ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील.

उत्तर: वाचक, साखळी

आमच्या घरी कडुनिंबाचे तेल वापरतात आणि गुरांच्या गोचिडांवर त्याचा बऱ्यापैकी उपयोग होतो. रसायनांपेक्षा ते सौम्य असल्यामुळे सापाच्या अंगावर चोळून पाहण्यास हरकत नसावी असे वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर: पशुवैद्य, मडगाव

कडुनिंबाच्या तेलाने काही माइट्स मरतात हे खरे आहे, कारण कोणतेही तेल त्यांना गुदमरवते. परंतु अंड्यांवर आणि फटींतल्या माइट्सवर त्याचा परिणाम होत नाही आणि तेलकट थर सापाच्या अंगावर राहिला तर कात नीट निघत नाही. डोळ्याच्या कडेला अडकलेले माइट्स कापसाच्या बोळ्याने टिपण्यापुरते साधे खाद्यतेल थेंबभर वापरावे. त्यापलीकडे त्यावर विसंबू नये.

डांबरगोळ्या कृपया ठेवू नका. बंद पेटीत त्यांच्या वाफेने सापाच्या श्वसनमार्गाला आणि यकृताला इजा होऊ शकते, आणि सापाला तिथून निघून जाण्याची सोय नसते. हीच गोष्ट डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकाच्या पट्ट्यांची. जुन्या परदेशी पुस्तकांत त्यांची शिफारस आढळते, पण ते मज्जासंस्थेवर घाव घालणारे विष आहे आणि भारतात २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे.

आयव्हरमेक्टिनबाबत सविस्तर लिहितो, कारण या सल्ल्याने साप दगावतात. सापांसाठी त्याची मात्रा दर किलो वजनामागे ०.२ मिलिग्रॅम इतकी मानली जाते. गुरांसाठी दुकानात मिळणाऱ्या एक टक्का द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. आपली मादी दीड किलोची आहे असे धरले तर तिला फक्त ०.०३ मिलिलिटर, म्हणजे नेहमीच्या सिरिंजवर मोजताही येणार नाही इतके औषध लागेल. अंदाजाने घेतलेला एक थेंबसुद्धा दीडपट-दुप्पट होऊ शकतो. असे द्रावण अंगावर ओतणे म्हणजे मात्रेचा हिशेबच सोडून देणे होय. त्याहून गंभीर बाब म्हणजे कासवांना हे औषध मुळीच चालत नाही. त्यांना त्याने लुळेपणा येतो आणि मृत्यूही ओढवतो. ज्या खोलीत कासवाची टाकी आहे त्या खोलीत आयव्हरमेक्टिनचा फवारा नको, आणि ते हाताळलेल्या हातांनी कासवाला खाऊ घालणेही नको. सापाला इंजेक्शन द्यायचेच ठरले तर ते वजन करून, औषध पातळ करून पशुवैद्यानेच द्यावे.

माझ्या अनुभवात घरगुती संग्रहासाठी फिप्रोनिल या कीटकनाशकाचा ०.२५ टक्के फवारा अधिक सोयीचा ठरतो. तो कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेला असून सापांसाठी त्याची अधिकृत शिफारस नाही, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचे वाचावे. तो सापावर थेट मारू नये. सुती फडक्यावर फवारून ते फडके मानेपासून शेपटीपर्यंत एकदा फिरवावे, डोके व तोंड वगळावे, त्यातील अल्कोहोल उडून जाईपर्यंत सापाला मोकळ्या हवेत हाताशी ठेवावे आणि मगच कोरड्या पेटीत सोडावे. पाण्याचे भांडे त्या दिवशी काढून ठेवून दुसऱ्या दिवशी ताज्या पाण्याने भरावे, म्हणजे साप लगेच पाण्यात बसून औषध धुऊन टाकणार नाही आणि ते पिणारही नाही. सात ते दहा दिवसांनी हेच पुन्हा करावे. पिल्ले, अशक्त साप आणि कात टाकण्याच्या बेतात असलेले साप यांना हे औषध लावू नये. कासवाची टाकी आधी दुसऱ्या खोलीत हलवावी, कारण पाण्यातल्या जिवांना फिप्रोनिल फार विषारी आहे. त्याच कारणाने फडकी धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा व्हाळात (ओढ्यात) जाऊ देऊ नये. पावसात अंगणातले पाणी थेट शेताकडे वाहते, म्हणून वापरलेली फडकी पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावीत.

मादीच्या तोंडाच्या आतली त्वचा एकदा पाहावी. ती निरोगी गुलाबी असायला हवी. फिकट, पांढुरकी दिसली तर रक्तक्षय झालेला आहे आणि तिला दवाखान्यात आणणे आवश्यक आहे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, उताणे केल्यास पुन्हा सरळ न होणे किंवा मान विचित्र वळवून वर पाहत राहणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. हे माइट्स एरोमोनास जिवाणू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात, आणि बोआ व पायथनांच्या मेंदूवर परिणाम करणाऱ्या असाध्य विषाणूजन्य आजाराच्या प्रसारातही त्यांचा हात असावा असे मानले जाते. त्यामुळे या प्रश्नाकडे निव्वळ खाजेचा उपद्रव म्हणून पाहता येत नाही. आपल्या मनगटावर लाल पुळ्या उठल्या तर घाबरू नये. ते माणसाला चावतात, पण माणसाच्या अंगावर त्यांची वस्ती होत नाही.

प्रतिसाद: सर्पपालक, फोंडा

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. डांबरगोळ्या आणि गुरांचे औषध हे दोन्ही विषय आता घरात बंद झाले. कासवाची टाकी आजच माजघरात हलवते.

दोन शंका उरल्या आहेत. ओलाव्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण तीनपैकी एका पायथनचे डोळे आजच दुधाळ दिसत आहेत. तसेच हे सारे किती दिवस चालवायचे आणि संपले हे कशावरून ओळखायचे?

उत्तर: जुना सर्पपालक, डिचोली

ज्या पायथनचे डोळे दुधाळ आहेत त्याला आता औषध लावू नये, त्याची कात निघेपर्यंत थांबावे. कात ही येथे आपल्या बाजूने काम करते, कारण तिच्याबरोबर अंगावरचे बरेच माइट्स निघून जातात. मात्र ती निघाल्या निघाल्या उचलून पिशवीत बांधायला हवी. पेटीत ती रात्रभर राहिली तर माइट्स तिच्यावरून उतरून पुन्हा सापावर चढतात. डोळ्यांवरची टोपी (डोळा झाकणारा पारदर्शक खवला) निघाली आहे ना, हे कातीच्या डोक्याकडच्या भागात पाहून खात्री करून घ्यावी. माइट्स डोळ्याच्या कडेला बसलेले असले की ती अडकण्याचा संभव वाढतो.

आर्द्रतेबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पेटी पूर्ण कोरडी करून माइट्स मारू, हा विचार राजस्थानात चालेल, गोव्याच्या पावसाळ्यात नाही. बाहेर नव्वद टक्के असताना आत वीस टक्के आणणे कोणालाही जमत नाही, आणि जमले तरी त्याने सापाचेच हाल होतील. बॉल पायथनला ५५ ते ६५ टक्के आर्द्रता पुरते. म्हणून खोलीत ओलावा शोषणारे यंत्र किंवा वातानुकूलन यंत्राचा कोरडी हवा देणारा पर्याय चालवून आर्द्रता साठच्या आसपास आणावी आणि तिथेच थांबावे. हवा थंड होत असल्यास पेटीखालची उष्णपट्टी थर्मोस्टॅटवर ठेवून उबदार बाजू ३१-३२ अंशांवर राखावी. कात टाकणाऱ्या सापापुरती एक बंद प्लास्टिकची डबी घ्यावी, तिला दार म्हणून भोक पाडावे आणि आत ओला किचन टॉवेल ठेवावा. हा टॉवेल मात्र रोज बदलावा, कारण सबंध पेटीतली सर्वांत दमट जागा तीच असते आणि अंडी घालायला माद्या तिथेच जातात. दर सकाळी तो टॉवेल उकळत्या पाण्यात टाकला की माइट्ससाठी तो सापळाच होतो. मला तरी ही युक्ती कोणत्याही फवाऱ्याइतकीच मोलाची वाटते.

मुदतीचे म्हणाल तर किमान सहा आठवडे. बाल्यावस्थेतले माइट्स रक्ताविना दोन-तीन आठवडे आणि प्रौढ सुमारे चाळीस दिवस तग धरू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत ठिपके दिसेनासे झाले तरी कागदाचे अंथरण, रोजची तपासणी आणि पाण्याच्या वाट्या चालूच ठेवाव्यात. बहुतेक घरांत माइट्स परततात ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळून काम सोडल्यामुळे. रोज सकाळी पाण्याच्या भांड्याचा तळ आणि कागदाची मागची बाजू पाहावी. रात्री ओल्या पांढऱ्या टिश्यूने साप मानेपासून शेपटीकडे पुसून तो कागद उजेडात धरावा. पाचही सापांवर सलग सहा आठवडे एकही ठिपका आढळला नाही तरच संपले असे म्हणावे. पुसताना आणि पेट्या साफ करताना निरोगी साप आधी घ्यावेत, मोठी मादी सर्वांत शेवटी, आणि त्यानंतर कपडे बदलून ते गरम पाण्यात टाकावेत. त्या काळात खाऊ घालण्याची घाई करू नये. प्रौढ बॉल पायथनला काही आठवडे उपासाने काही होत नाही.

नवीन कॉर्न स्नेक मे अखेरीस आला आणि जुलैच्या सुरुवातीला माइट्स उघड झाले, हा काळ त्यांच्या दोन पिढ्यांच्या वाढीशी जुळतो. मला तोच मार्ग अधिक संभवनीय वाटतो. यापुढे नवा साप किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, कागदावर, वेगळ्या चिमट्याने आणि वेगळ्या भांड्यांनिशी ठेवावा.

उत्तर: सर्पमित्र, वाळपई

धामणीचा उल्लेख वाचून लिहितो आहे. रानातल्या सापांवर आम्हाला जास्त करून गोचीड दिसतात. ते डोळ्यांनी सहज दिसतील इतके मोठे, चपटे, खवल्यांखाली घट्ट रुतलेले असतात आणि कॉर्न स्नेकबरोबर येणाऱ्या या बारीक माइट्सपेक्षा वेगळे असतात. त्यामुळे धामणीवर दोष ठेवणे कठीण आहे, जरी तिची शक्यता पूर्ण नाकारता येत नसली तरी.

मला काळजी वाटते ती उलट्या वाटेची. आपल्या खोलीत आज माइट्स आहेत आणि भाऊ त्याच घरातून साप पकडायला जातो. त्याचे पोते, साप उचलण्याची आकडी किंवा कपडे त्या खोलीत ठेवले जात असतील, तर उद्या सुटका केलेल्या धामणीबरोबर किंवा नागाबरोबर हे माइट्स म्हादईच्या रानात जातील. बंदिस्त संग्रहातल्या जिवाणूंचा आणि विषाणूंचा रानातल्या सापांवर काय परिणाम होईल हे पाहण्याची वेळ येऊच नये. पुढचे सहा आठवडे भावाने सापांच्या खोलीत पाऊल टाकू नये, पोती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावीत आणि आकडी साबणाने धुवावी. पकडलेला साप घरी न आणता वनखात्याला कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे त्याच परिसरात लवकरात लवकर सोडावा. स्थानिक साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने तो रात्रभर घरात ठेवणे कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचे ठरू शकते, आणि पाळीव सापांची नोंदणी असलेल्या घरात तर अधिकच.

उपचारादरम्यान दुर्दैवाने एखादा पायथन दगावला तर अशा प्राण्यांच्या नोंदणीच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याचीही नोंद परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. त्यासाठी पशुवैद्याचा लेखी अभिप्राय हाताशी असावा, म्हणून मादीला मडगावला किंवा जवळच्या दवाखान्यात एकदा दाखवून कागद करून ठेवावेत. वाळपईकडे कोरडी हवा देणारे यंत्र वापरात नसलेले एक आहे. हवे असल्यास या धाग्यावर कळवावे, शनिवारी फोंड्याला येणे आहे.